आधी कोणाचं गाढव?

फार फार पूर्वी, गाढवं आजच्यापेक्षा थोडी शहाणी आणि माणसं आजच्याइतकीच हट्टी होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठे मागे बसले तरी चालेल, पण गोष्ट मोठ्यांचीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एका खाडीच्या काठी तेल्यांचं गाव होतं. घरोघरी घाणा. आठवडाभर घाणे करकरायचे, बैल गोल गोल फिरायचे आणि साऱ्या गावाला तिळाच्या तेलाचा वास यायचा. शनिवार आला की मात्र सगळं चिडीचूप. हे लोक यहुदी होते आणि शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी बैल गोठ्यात रवंथ करायचे आणि माणसं प्रार्थनाघरात बसून पोथीचं रवंथ करायची.

आता तुम्ही म्हणाल, पोथी वाचायची म्हणजे काय, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. इथेच तर चुकताय. त्या गावात माना डोलवणाऱ्याला पोथीच्या जवळही बसू देत नसत. तिथे दोघादोघांनी जोडीने बसायचं. एकाने ओळ वाचून अर्थ सांगायचा आणि दुसऱ्याने त्यावर हरकत घ्यायची. पहिल्याने हरकत परतवायची, दुसऱ्याने नवी काढायची. जेवढी हरकत भारी, तेवढी जोडीदाराची माया जास्त, असा तिकडचा हिशेब होता.

आणि हे सगळं मनाला येईल तसं नाही हं. रीत ठरलेली होती. पोथीत एकही शब्द उगाच आलेला नाही, म्हणून जो शब्द जास्तीचा वाटेल तिथेच खणायचं. हलक्या गोष्टीला जो नियम लागतो, तो भारी गोष्टीला लागतोच लागतो. प्रत्येक ओळीला एक साधा अर्थ असतो आणि त्याच्या पोटात आणखी अर्थ दडलेले असतात. त्यांच्यामागे हवं तेवढं खोल जावं, पण साध्या अर्थाला जागचं हलवू नये. हे सगळ्या पोरांना मुसाजी शिकवायचे. मुसाजी म्हणजे प्रार्थना म्हणणारे म्हातारे गुरुजी, अख्ख्या गावाचे लाडके.

गावात जोड्या पुष्कळ होत्या, पण हस्साजी आणि एलोजी यांची सर कुणाला नव्हती. हस्साजी अंगाने दणकट आणि डोक्याने तापट. ओळ वाचून संपायच्या आत तो अर्थ सांगून मोकळा व्हायचा. एलोजी काटकुळा आणि धिमा. तो आधी दाढी कुरवाळायचा, मग छताकडे बघायचा, आणि मग अशी एखादी हरकत काढायचा की हस्साजीचा अर्थ बसल्या जागी कोसळायचा. की लगेच हस्साजी दुसरा अर्थ उभा करायचा, पहिल्याहून पक्का. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांचं हे असं चाललं होतं.

एका शनिवारी वाचता वाचता गाढवाची आज्ञा आली. आज्ञा अशी, की तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं, तर तसाच पुढे जाऊ नकोस. थांब आणि त्याच्या जोडीने ते उठव.

हस्साजी म्हणाला, यात काय आहे, सरळ हलक्यावरून भारी. वैऱ्याच्या गाढवासाठी थांबायचं, तर मित्राच्या गाढवासाठी धावत सुटायचं. चल, पुढची ओळ वाच.

एलोजीने दाढी कुरवाळली. नुसतं ‘कुणाचंही गाढव’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, तो म्हणाला. मग वैऱ्याचं असं मुद्दाम कशाला म्हटलंय? समज, एकाच वाटेवर दोन गाढवं पडली आहेत, एक मित्राचं आणि एक वैऱ्याचं. आधी कोणाचं उठवायचं? हस्साजी म्हणाला, मित्राचं, हे काय विचारणं झालं? एलोजी म्हणाला, नाही, वैऱ्याचं. मित्राचं गाढव उठवताना नुसतं ओझं उचलावं लागतं, वैऱ्याचं उठवताना स्वतःचा रागही उचलून बाजूला ठेवावा लागतो. ते काम जास्त अवघड, म्हणून ते आधी.

खरं सांगू का, हरकत लाख मोलाची होती. एरवी हस्साजीने त्याच्या पाठीवर थाप मारली असती आणि एलोजी चटईवर आडवा झाला असता. पण त्या दिवशी हस्साजीच्या मनात काय शिरलं कोण जाणे. त्याने विचारलं, त्या दोन गाढवांपैकी एक माझं असेल आणि दुसरं तुझ्या वैऱ्याचं, तर तू काय करशील?

अहो, कुणीही चार पावसाळे पाहिलेला माणूस म्हणाला असता, ‘वेडा आहेस का, तुझं आधी.’ पण एलोजी पडला सरळ माणूस. तो छताकडे बघत बसला. बराच वेळ बसला. आणि मग म्हणाला, “वैऱ्याचं आधी, तुझं नंतर. अर्थ तसाच निघतो, त्याला मी काय करू?”

हस्साजी ताडकन उठला.

“मग तुझा मित्र होऊन मी मिळवलं काय? त्यापेक्षा तुझा वैरी झालेलं बरं. निदान माझं गाढव तरी आधी उठेल.”

असं म्हणून तो चपला घालून चालता झाला. वाद पोथीचा होता, पण लागला मनाला. एलोजीला वाटलं, येईल थोड्या वेळाने परत. हस्साजीला वाटलं, येईल हा आपल्याला बोलवायला. दोघेही वाट बघत बसले आणि कोणीच आलं नाही. वैर असंच सुरू होतं, बाळांनो. त्याला फार मोठं कारण लागत नाही.

पुढच्या शनिवारी हस्साजी ऐटीत एकटाच पोथी घेऊन बसला. ओळ वाचली, अर्थ सांगितला. कुणी काही बोललं नाही. दुसरी वाचली, तिचाही सांगितला. जी पानं दोघांना महिनोन्‌महिने पुरायची ती त्याने दुपारच्या जेवणाआधी संपवली आणि मग त्याला काय करावं ते सुचेना. आपण काढलेला प्रत्येक अर्थ आपल्यालाच पटतो, यासारखी कंटाळवाणी गोष्ट जगात नाही.

मग त्याने बायकोला, सेगुलाबाईला, समोर बसवलं आणि गाढवाची आज्ञा वाचून दाखवली. आता हरकत घे, म्हणाला. सेगुलाबाई म्हणाली, गाढव पडलं तर उठवायचं, यात हरकत कसली घ्यायची, आणि वरण निवतंय. तो मुसाजींकडे गेला. मुसाजींचं वय झालेलं. हस्साजी जे जे सांगेल त्याला ते ‘वा, वा’ म्हणाले आणि तिसऱ्या ‘वा’ला त्यांचा डोळा लागला.

हस्साजी खाडीवर जाऊन बसला. त्याला एलोजीची आठवण येत होती. पण जाऊन बोलायचं कसं? मीच निघून आलो, आता मीच परत गेलो तर हरलो असं होणार. बरं, हरण्यातही काही नव्हतं. दर शनिवारी तर हरायचा. पण ते पोथीपुढे बसून हरणं निराळं आणि कुणाच्या दारात उभं राहून हरणं निराळं.

आणि तिथे बसल्या बसल्या त्याला ती अक्कल सुचली. अशी अक्कल फक्त पोथी कोळून प्यायलेल्या माणसालाच सुचते, तुम्हाआम्हाला नाही. त्याने विचार केला, माझा एक वैरी आहे. वैऱ्याचं गाढव पडलं तर उठवावंच लागतं, तशी आज्ञाच आहे. म्हणजे एलोजीचं गाढव पडलं की मला त्याच्याजवळ जावंच लागेल. मी आपणहून गेलो असं कोण म्हणेल? आज्ञेपुढे माणसाचं काय चालतं?

झालं. तेव्हापासून दर बाजाराला एलोजी आपल्या गाढवावर तेलाचे बुधले लादून घाटीची चढण चढायला लागला की हस्साजी आपलं गाढव घेऊन बेताचं अंतर ठेवून मागून निघायचा. नजर सगळी एलोजीच्या गाढवाच्या खुरांवर. पण ते गाढव होतं मोठं सावध. प्रत्येक दगड हुंगून मगच पाय टाकायचं. मालकाचाच गुण लागला होता त्याला. हस्साजी मनातल्या मनात म्हणायचा, बाबा रे, एकदा पड. लागू नको देऊस, पण पड.

त्यात आणखी एक घोर. आज्ञा वैऱ्याची आहे, तेव्हा वैर टिकवून धरणं भाग होतं. राग कधीच विरून गेला होता, पण हस्साजी रोज सकाळी अंथरुणात उठून बसायचा आणि ‘तुझं नंतर म्हणाला, तुझं नंतर म्हणाला’ असं घोकून तो पुन्हा तापवायचा. एकदा एलोजीच्या घरून मलिद्याचं ताट आलं. गोड पोहे, वर खोबरं, केळी, खजूर. सेगुलाबाईने ते हसून घेतलं. हस्साजीला मोठाच प्रश्न पडला, वैऱ्याचा मलिदा खाल्ला तर वैर मोडतं की नाही? पुष्कळ विचार करून त्याने असा निर्णय काढला, की चव न घेता खाल्ला तर मोडत नाही. मग त्याने चव न घेता खायचा प्रयत्न केला. पण मलिदा फार चांगला झाला होता हो, त्याचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी त्याला ‘तुझं नंतर म्हणाला’ दुप्पट वेळ घोकावं लागलं.

सेगुलाबाई त्याला म्हणाली, “अहो, बोलायचंय ना तुम्हाला त्यांच्याशी? मग जा आणि बोला. त्या मुक्या जनावराच्या पडण्यावर का टपून बसलाय?”

हस्साजी म्हणाला, तुला पोथीतलं कळत नाही. तिला सगळं कळत होतं.

असे बरेच बाजार गेले. मागे मागे हिंडण्यात हस्साजीचं घाण्याकडे दुर्लक्ष झालं, तेल साचत गेलं, आणि मग एका बाजाराला त्याने दोन खेपांचे बुधले एकाच खेपेत गाढवावर चढवले. गाढवाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हस्साजीने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचं लक्ष एलोजीच्या गाढवाकडे होतं.

त्या दिवशी घाटीत मुसाजीही होते. सरपणाची मोळी लादलेलं आपलं म्हातारं गाढव घेऊन ते हस्साजीच्या मागून सावकाश चालले होते. सर्वांत पुढे एलोजी, मध्ये हस्साजी, शेवटी मुसाजी. चढण जिथे सगळ्यांत निसरडी आहे तिथे एलोजीच्या गाढवाने दगड हुंगला, पाऊल टाकलं आणि ते ऐटीत वर गेलं. ते पडतंय का हे बघण्यात हस्साजी इतका गुंगला, की त्याचं स्वतःचं गाढव घसरलं तेव्हा दोर त्याच्या हातातून कधी सुटला तेही त्याला कळलं नाही. गाढव बुधल्यांसकट मागे घरंगळलं, मुसाजींच्या गाढवावर आदळलं आणि त्याच्याही खाली जाऊन पडलं. मुसाजींचंही बसलं खाली. वाटेवर दोन गाढवं, सरपण आणि तेलाचा ओघळ.

काही गोष्टींत अशा वेळी गाढव बोलतं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतं. हे बोललं नाही. त्याच्या उरावर दोन खेपांचे बुधले होते.

पुढे गेलेला एलोजी आवाज ऐकून वळला. नीट लक्ष द्या आता. वाटेवर दोन गाढवं पडली आहेत. एक मुसाजींचं, म्हणजे एलोजीच्या लाडक्या गुरुजींचं. आणि एक हस्साजीचं. एलोजी आधी मुसाजींच्या गाढवाकडे गेला, तर हस्साजीचं गाढव तोवर गुदमरणार. आणि आधी हस्साजीकडे आला, तर त्याच्याच अर्थाप्रमाणे हस्साजी त्याचा वैरी, अगदी पक्का, पोथीतला. इतके दिवस वैर जपून ठेवणारा हा गडी आता मनात म्हणू लागला, इकडे येऊ नकोस, बाबा, आधी तिकडे जा.

एलोजी या वेळी छताकडे बघायला थांबला नाही. तिथे छत नव्हतंच म्हणा. तो धडपडत खाली आला, मुसाजींना ओलांडून गेला आणि त्याने हस्साजीच्या गाढवाच्या ओझ्याला हात घातला.

हस्साजीचा चेहरा पडला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हा गाढवाचे पाय धरायचे सोडून एलोजीचे हात धरून त्याला ओढू लागला. “तू आधी माझ्याकडे आलास. म्हणजे मी तुझा वैरी. मला नको तुझी मदत. जा, मुसाजींचं उठव.”

एलोजी म्हणाला, सोड, आज्ञेत ‘त्याच्या जोडीने’ असं म्हटलंय, मालकाने हात लावलाच पाहिजे. हस्साजी म्हणाला, बरोबर, आणि मालक हात लावत नसेल तर मदत करणारा मोकळा, म्हणून जा. एलोजी म्हणाला, ते मालक आळसाने बसला तर. रुसून बसला तर काय, ते कुठेच सांगितलेलं नाही. हस्साजी म्हणाला, का नाही, हलक्यावरून भारी घे. अहो, दोघांचे डोळे चमकायला लागले, आवाज चढले, हातवारे सुरू झाले. इतक्या दिवसांची भूक होती ती. दोघेही विसरले की आपण कुठे उभे आहोत.

“पोरांनो,” मुसाजी आपल्या गाढवाचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसले होते, तिथूनच म्हणाले, “साध्या अर्थाला जागचं हलवायचं नाही, असं मी शिकवलं होतं. साधा अर्थ तुमच्या पायाशी पडलाय. त्याला धाप लागली आहे.”

दोघांनी खाली बघितलं. गाढवाचे डोळे पांढरे होत चालले होते.

मग काय विचारता. हस्साजीने इकडून खांदा दिला, एलोजीने तिकडून. दोर सोडले, बुधले उतरवले, पोटाखाली हात घालून दोघांनी एका दमात गाढव उभं केलं. तसंच जाऊन मुसाजींचं उठवलं. दोघे तेला-चिखलात न्हाऊन निघाले होते आणि बुधल्यांपैकी निम्मे फुटले होते. हस्साजी थरथरणाऱ्या गाढवाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. तो ओरडला नाही, चिडला नाही, त्याने फक्त विचारलं, “एलोजी, खरं सांग. मी तुझा वैरी होतो म्हणून आधी माझ्याकडे आलास?”

एलोजीने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, “मला आज्ञा आठवलीच नाही रे. तुझं गाढव पडलं एवढंच दिसलं.”

हस्साजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दणकट माणूस तो, त्याला रडायची सवय नव्हती, त्याने तेलकट बाहीने डोळे पुसले आणि ते जास्तच चुरचुरले. तो म्हणाला, तुझ्या दाराशी यायला मला एक निमित्त हवं होतं, म्हणून तुझ्या गाढवाच्या पडण्याची वाट बघत होतो. मी मूर्ख आहे. एलोजी म्हणाला, मीही घाटी इतक्या हळू का चढायचो असं तुला वाटतं? मागून कधीतरी हाक मारशील म्हणून.

तिघे वर चढू लागले. मग हस्साजी घुटमळला.

“पण एलोजी, आज्ञा आठवली नसताना ती पाळली गेली, तर ती पाळली असं धरायचं का?”

एलोजी जागीच थांबला. त्याने चिखलाने भरलेली दाढी कुरवाळली. मुसाजींनी कपाळाला हात लावला, कारण पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. ते दोघांना तिथेच सोडून आपलं गाढव घेऊन निघून गेले. हस्साजी आणि एलोजी वर पोचले तेव्हा बाजार उठून गेला होता आणि दोघांचंही उरलंसुरलं तेल तसंच परत आलं. सेगुलाबाईने नवऱ्याचा अवतार बघितला, रिकामी कनवट बघितली, आणि विचारलं, काय मिळवलंत आज? हस्साजी म्हणाला, एक हरकत. ती काय समजायचं ते समजली आणि तिने आंघोळीला पाणी तापत ठेवलं.

शनिवारी प्रार्थनाघरातून पुन्हा दोघांचे आवाज ऐकू येऊ लागले, आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप कायमची गेली. मुसाजी पुढे मुलांना ती आज्ञा शिकवताना दोन्ही अर्थ सांगत, मित्राचं आधी म्हणणाऱ्याचा आणि वैऱ्याचं आधी म्हणणाऱ्याचाही. त्यातला एकही पुसायला त्यांनी कधी परवानगी दिली नाही. मुलं विचारायची, पण खरा कोणता? मुसाजी म्हणायचे, जोडीदार शोधा आणि बसा. तो प्रश्न त्या गावात अजून सुटलेला नाही, आणि सुटावा अशी कुणाची इच्छाही नाही.

तात्पर्य: अर्थ एकट्याला सापडत नाही, म्हणून ज्याच्याशी वाद घालायचा, त्याच्याशी वैर धरू नये.